चिमट्यातला अंबाडा

दुकानात जाऊन ‘क्लचर दाखवा’ म्हटलं की दुकानदार काचेखालचा खोका पुढे सरकवतो. कुणी त्याला चाप म्हणतं, कुणी नुसतंच क्लिप, कुणी पंजा. आकार पाहिला तर मालवणाकडच्या बायकांनी त्याला सरळ कुर्लीच म्हणायला हवं! दोन्ही बाजूंच्या नांग्या, मध्ये स्प्रिंग, आणि एकदा धरलं की सोडायचं नाही, असा खाक्या. गेली काही वर्षं ही कुर्ली पुन्हा मुलींच्या डोक्यावर चढून बसली आहे. ‘पुन्हा’ म्हणायचं कारण, ज्या मैत्रिणी नव्वदच्या दशकात कॉलेजात होत्या त्यांच्या जुन्या डब्यात आजही एखादं सापडेल. मधली पंधरा-वीस वर्षं ते फक्त घरात, कपडे धुताना नाही तर पोळ्या लाटताना लावायची वस्तू झालं होतं. आता लेकी तेच लावून लग्नाला निघाल्या की आयांना नवल वाटतं.

ही वस्तू फार जुनी नाही. फ्रान्समध्ये ओयोना नावाचं एक गाव आहे, डोंगराळ भागातलं, पिढ्यान् पिढ्या फण्या करणारं. आधी लाकडाच्या, मग शिंगाच्या, मग सेल्युलॉइडच्या, मग प्लॅस्टिकच्या. त्या गावच्या क्रिस्तियां पोत्यू यांनी १९८६ साली हा दातांचा चिमटा काढला. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून हा क्लचर पाच वर्षांनी लहान! त्यात युक्ती एवढीच, की दोन फण्या समोरासमोर ठेवून मध्ये स्प्रिंग बसवली. आकड्यांनी आणि काळ्या पिनांनी जे काम दहा मिनिटांत होई, ते एका दाबात होऊ लागलं. दातांत पिन धरून आरशासमोर उभ्या राहिलेल्या बायकांचं दृश्य घरोघरी कमी झालं, त्याचं थोडं श्रेय ह्या माणसाला द्यायला हरकत नाही.

शिंगाचं काम आपल्याला परकं नाही, हेही सांगून ठेवते. विजयदुर्गला शिंगाच्या शोभेच्या वस्तू बनत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात आहे. ओयोनाच्या कारागिरांनी शिंग सोडून नवा माल धरला आणि त्यांचा धंदा टिकला. आपल्याकडे तसं का झालं नाही, हा प्रश्न ह्या सदरात मावणारा नाही.

हा विषय आज घेतला त्याला निमित्त एक पत्र. पत्र आहे मालवण तालुक्यातल्या तोंडवलीहून. ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: तोंडवली-तळाशीलची पट्टी म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, आणि मध्ये माड, सुरूचं बन आणि वाळूतली घरं. वारा चोवीस तास. तिथे केस बांधणं हा नटण्याचा प्रश्न नाही, समोरचं दिसण्याचा प्रश्न आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी चाळिशीच्या आसपासच्या आहेत. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. घरी सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. पर्यटकांना जेवण करून देतात, त्यावर घर चालतं. मुलीने आंगणेवाडीच्या जत्रेतून आईसाठी एक क्लचर आणला, पिवळसर रंगाचा, वर दोन छोटी फुलं असलेला. आईने तो लावला, ओसरीवर आली, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण जाऊबाई म्हणाल्या, “आता ह्यां कोणाक दाखवूचा आसा?” त्या दिवसापासून क्लचर फडताळात आहे. मुलगी रुसली आहे. आणि बाईंचा प्रश्न असा: मी फूल माळत नाही, माळणारही नाही, पण हे तर प्लॅस्टिक आहे, हे लावलं तर चालेल का? पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, दोन ओळी जास्त आहेत. यजमान गेल्यानंतर केस फार गळले, कपाळाच्या दोन्ही बाजूंना विरळ झालं आहे, त्याला काही उपाय सांगा.

बाई, आधी शेवटच्या दोन ओळींचं पाहू, कारण उत्तराचं अर्धं बळ तिथेच आहे.

माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे नेहमीचंच. पण मोठा ताप, बाळंतपण, किंवा जिवाला बसलेला मोठा धक्का, ह्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम मूठ-मूठ केस जाऊ लागतात. धक्का बसला की वाढीला लागलेले बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि मग काही आठवड्यांनी एकत्रच सुटतात. असे गेलेले केस बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत परत येऊ लागतात. दोन वर्षं झाली तरी विरळपणा आहे आणि तोही कपाळाच्या कडेला, म्हणजे कारण आणखी काही असलं पाहिजे. तुम्ही लिहिलं आहे की केस मागे चापून, रबर लावून, घट्ट बुचडा बांधता. दिवसभर उन्हातान्हात आणि चुलीपाशी काम, सुटायला नकोत म्हणून. इथेच गोम आहे. एकाच दिशेला रोज ताण बसला की केसाचं मूळ दुखावतं. आधी कडेचे बारीक केस जातात, मग कपाळ मोठं दिसू लागतं. वेळीच ओढ सैल केली तर ते परत येतात, वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळं मिटतात आणि मग कुठलंच तेल उपयोगी पडत नाही. साधं रबर तर केसाला चिकटून तो तोडूनच बाहेर येतं.

तेव्हा तुमच्या लेकीने आणलेली वस्तू ही चैन नाही, औषध आहे म्हणा ना! क्लचर केसांना एका ठिकाणी आवळत नाही, पुष्कळ दातांवर भार वाटून घेतो. बुचड्याच्या जागी सैल पीळ आणि त्यावर क्लचर, एवढं केलंत तरी कपाळावरची ओढ निम्म्याने उतरेल. त्याबरोबर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रक्ताची तपासणी करून घ्या. बाईच्या अंगात रक्त कमी असलं, थायरॉइडचं काही असलं, तरी केस जातात, आणि घरात जेवायला वाढणारी बाई स्वतः शेवटी उरलेलं खाते हे काय मी सांगायला हवं? पर्यटकांच्या ताटात सुरमईची तुकडी वाढता, तशी एखादी स्वतःच्याही ताटात पडू द्या. बांगडे-तारल्यांना तर तोटा नाही. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, हे सगळं दाराशी आहे.

आता मुख्य प्रश्न.

‘प्लॅस्टिक आहे म्हणून चालेल’ अशी पळवाट मी तुम्हाला देणार नाही. तशी दिली तर उद्या जाऊबाई म्हणतील, फुलाचा आकार तर आहे ना! तुम्ही क्लचर लावावा, आणि तो पिवळाच लावावा.

बाईचे केस आणि नवऱ्याचं मरण ह्यांची गाठ आपल्या समाजाने फार क्रूरपणे बांधली होती. आज निदान डोक्यावर केस आहेत, यासाठीही कुणीतरी भांडलं आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. ज्यांचं त्यावर पोट, त्यांनीच नकार दिला! कोकणातलंच दुसरं उदाहरण देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांचं. तरुणपणी वैधव्य आलं, केशवपन झालं. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवू लागल्या, आणि त्यांनी मध्यम वयात केशवपन सोडून केस वाढू दिले. त्यांचं ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ सालचं आहे. मिळालं तर वाचा. आणि फार लांब कशाला जायचं? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. हे सगळं जाऊबाईंना ऐकवत बसा असं मी म्हणत नाही. जाऊबाईंशी वाद घालून घरातली शांती घालवू नका. पण तुमच्या मनात जो ‘चालेल का’ आहे, त्याला हे कळलं पाहिजे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. सासूबाई काही बोलल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंत. त्यांचा मुलगा गेला आहे. बोलल्या नाहीत, ह्याचा अर्थ राग असेलच असं नाही; कदाचित काय बोलावं हे त्यांना सुचलं नसेल. एखाद्या दुपारी, घरात दोघीच असताना, त्यांच्या हातात क्लचर द्या आणि म्हणा, “आवशी, जरा मागून लावून दे गो, माका दिसणा नाय.” लावून देतील. एकदा त्यांच्या हाताने लागला की बाहेरच्यांची तोंडं अर्धी बंद होतात. दुसरं असं, की सणावाराच्या दिवशी लावून मिरवण्यापेक्षा कामाच्या दिवशी लावायला सुरुवात करा. चूल, पाणी, पाहुण्यांची ताटं, ह्यात डोक्याला क्लचर असला की तो कामाचाच वाटतो. महिन्याभरात कुणाला दिसेनासाही होईल. आणि मुलीला सांगा, पुढच्या खेपेला दुसरा रंग आण.

फूल माळणार नाही असं तुम्ही ठामपणे लिहिलं आहे. तो तुमचा निर्णय, त्यावर मी काही बोलत नाही. मात्र तो निर्णय खरोखर तुमचा आहे की जाऊबाईंचा, एवढं एकदा स्वतःला विचारून पाहा.

असो. आता बाकीच्या मैत्रिणींचे कान टवकारले असतील की खरेदीचं काय. सांगते.

बाजारात दहा-वीस रुपयांपासून पाचशेपर्यंत क्लचर मिळतात. अगदी स्वस्त असतात ते ठिसूळ प्लॅस्टिकचे. पडला की दात तुटला, आणि तुटका दात केसात अडकून केस घेऊनच निघतो. घेताना दोन गोष्टी करा. एक, दातांच्या टोकांवरून आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. साच्यातून निघालेल्या मालाला मध्ये एक धारदार रेघ राहते. बोटाला लागली तर केसाला लागणारच. दुसरं, क्लचर दोन-चार वेळा उघडून मिटून पाहा. दात एकमेकांत नीट बसले पाहिजेत, वाकडे नाहीत. स्प्रिंग इतकी कडक नको की उघडताना अंगठा दुखेल, आणि इतकी ढिली नको की हलवल्यावर आपोआप उघडेल. थोडे पैसे जास्त घालायची तयारी असेल तर सेल्युलोज ॲसिटेटचे घ्या. ते कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासून करतात, लवचीक असतात, दात गुळगुळीत असतात, आणि रंगात खोली दिसते.

खड्यांनी मढवलेले क्लचर मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. खड्यांच्या कोंदणात केस अडकतात, चार धुण्यांत खडे पडतात आणि मग दात पडलेल्या म्हातारीसारखं ते दिसतं. लग्नाला लावायचाच असेल तर एकरंगी, मोठा घ्यावा, साडीच्या काठाशी जुळणारा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी खास सूचना. खाऱ्या हवेचा पहिला बळी म्हणजे स्प्रिंग. महिन्या-दोन महिन्यांत तिला तांबूस गंज धरतो, मग तो घामाबरोबर केसांत आणि तिथून पांढऱ्या ब्लाऊजच्या मानेवर उतरतो. गंजाचा डाग काढणं म्हणजे काय शिक्षा असते, ते ह्या सदराच्या वाचकांना माहीत आहे. म्हणून संपूर्ण धातूचे, सोनेरी मुलाम्याचे क्लचर तोंडवली-आचऱ्याकडे घेऊच नयेत. प्लॅस्टिकचा घ्या, स्प्रिंग झाकलेली असेल असा पाहा, आणि दर आठ दिवसांनी स्प्रिंगला खोबरेल तेलाचं एक बोट लावा. शिलाई मशीनला तेल घालता ना, तसंच.

ह्यातच आणखी एक. तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांचे, कासवाच्या पाठीसारखे दिसणारे क्लचर सध्या फार चालतात. हा नुसता नक्षीचा प्रकार नाही, त्यामागे इतिहास आहे. एके काळी युरोपात आणि जपानात खऱ्या कासवाच्या कवचाच्या फण्या आणि चिमटे होत, आणि त्यापायी चोचीसारख्या तोंडाच्या समुद्री कासवांची बेसुमार कत्तल झाली. १९७५ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे हळूहळू ह्या व्यापाराला लगाम बसला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवांना संरक्षण आहे. तोंडवलीच्या वाळूत थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले. जात वेगळी, फण्यांसाठी ते मारलं गेलं नाही. पण अंड्यांसाठी माणसाने आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी त्याला पुष्कळ छळलं. आता गावोगावची मंडळी घरट्यांभोवती जाळी लावून अंडी राखतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्राकडे सोडतात. तेव्हा आजीच्या पेटीत खऱ्या कवचाची जुनी फणी असेल तर ती आठवण म्हणून राहू द्या, विकायला काढू नका. आणि डोक्याला लावायला प्लॅस्टिकचं कासव छान आहे.

आता बांधायचं कसं.

सगळ्यात सोपा पीळ असा. केस विंचरून मानेपाशी एका मुठीत घ्या, चापून ओढू नका, कानांवरचे थोडे सैलच राहू द्या. मूठभर शेपट्याला दोरीसारखा पीळ द्या. पीळ बसला की शेपटा वर उचलून डोक्याच्या मागच्या भागाला उभा टेकवा. टोक वर उरेल, ते खाली दुमडून पिळाच्या आत सारा, किंवा ऐटीत वर कारंज्यासारखं राहू द्या. मुली तसंच ठेवतात. मग क्लचर पूर्ण उघडून पिळावर असा बसवा, की एका बाजूचे दात पिळातून आणि दुसऱ्या बाजूचे डोक्यालगतच्या केसांतून जातील. नुसत्या पिळाला धरलं तर जिना उतरेपर्यंत सुटतं. बहुतेकींचा क्लचर टिकत नाही तो ह्याच कारणाने, आणि दोष मात्र क्लचरला.

लांब, जड केसांना एक क्लचर पुरत नाही. त्यांनी आधी सैल तिपेडी वेणी घालावी, तिचा अंबाडा गुंडाळावा आणि वर-खाली दोन मध्यम क्लचर लावावेत. भार वाटला जातो आणि डोकं दुखत नाही. उलट विरळ केसांवर मोठा क्लचर लावला तर तो लोंबतो. तिथे चार बोटांपेक्षा मोठा घेऊ नये, आणि केस आधी उलटे हलकेच विंचरून थोडे फुगवून घ्यावेत. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हाच प्रकार करावा. कपाळाच्या कडेचे केस मागे नेऊच नका, भांगाच्या दोन्ही अंगांना थोडे पुढे सोडा, म्हणजे विरळपणा झाकला जातो आणि त्या केसांना विश्रांतीही मिळते.

खांद्यापर्यंतच्या केसांना अर्धे केस वर घेऊन छोटा क्लचर लावणं शोभतं. शाळेतल्या मुलींना मात्र दोन वेण्या आणि रिबिनीच बऱ्या. मैदानावर पडल्यावर डोक्यात दात रुतायला नकोत.

फुलं माळणाऱ्यांसाठी क्लचर म्हणजे मोठीच सोय. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडून सुरंगीचे वळेसर बाजारात येतात. सुरंगी नाजूक, तिला पिन टोचली की फुलं गळतात. वळेसर क्लचरच्या वरच्या कमानीखालून ओवून दोन्ही टोकं दातांत धरावीत. पिन लागत नाही, आणि रात्री क्लचर काढला की वळेसर अखंड हातात येतो. आबोलीचा पदर मात्र क्लचरभोवती गोल गुंडाळला तर चांगला दिसतो, केशरी रंगाखाली प्लॅस्टिक झाकून जातं. ओवळांचा, म्हणजे बकुळीचा सर सुकल्यावरही वास देतो; तो तसाच दोन-तीन दिवस ठेवायला हरकत नाही.

आता थोडं दटावते. स्कूटरवर मागे बसणाऱ्या बायका क्लचर लावून त्यावर हेल्मेट चढवतात. हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर तोच क्लचर डोक्यात घुसतो. बसण्याआधी काढा, पर्समध्ये टाका, केस मानेपाशी सैल बांधा. मोटारीतही तेच. पाठीमागे डोकं टेकतं नेमकी तिथेच ही नांगी असते, आणि गाडीला मागून धक्का बसला तर जखम होऊ शकते. डॉक्टरांनी असा इशारा दिलेला आहे. मालवणहून कणकवलीला निघालात की क्लचर मांडीवर, उतरल्यावर डोक्यावर. झोपतानाही काढायचा, हे सांगायला नको. पण दुपारची डुलकीही त्यातच आली.

ओल्या केसांवर क्लचर लावून कामाला लागायची सवय अगदी वाईट. पावसाळ्यात कोकणात केस वाळता वाळत नाहीत, हे मान्य. पण ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो, चिमट्यात लगेच तुटतो. शिवाय आत ओल कोंडली की कुबट वास येतो आणि कोंडा वाढतो. निदान मुळं वाळेपर्यंत तरी केस सोडून बसा. न्हाण्याआधी खोबरेल लावायची आपली जुनी रीत चांगलीच आहे. नारळाचं तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, असं मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे. आपल्या आज्यांना हे आधीच माहीत होतं, फक्त त्यांनी ते छापलं नव्हतं.

क्लचर धुवायचा असतो, हे किती जणींना माहीत आहे? तेल, घाम, धूळ दातांच्या बुडाशी साचून काळा थर बसतो आणि तोच आपण रोज धुतलेल्या केसांना लावतो. पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाण्यात शिकेकाईचं किंवा शांपूचं थोडं पाणी करून त्यात बुडवावा, जुन्या दात घासायच्या ब्रशने दात घासावेत आणि फडक्याने लगेच कोरडा करावा. कडकडीत पाणी घालू नका, दात वाकतात. उन्हातही वाळवू नका, रंग उडतो. स्प्रिंगमधली काडी सरकून बाहेर आली असेल तर चिमट्याने आत दाबून बसते. पण स्प्रिंगच ढिली पडली तर तो क्लचर केसांतून काढून पापडाची किंवा रव्याची पिशवी बंद करायला घ्यावा. त्या कामाला तो आणखी दोन वर्षं पुरतो.